टर्मिनलवर चालतं, सर्व्हिस म्हणून पडतं: सिस्टमडीवर सर्व्हिस लावताना या चुका टाळा

सिस्टमडी लिनक्सवर बॅकग्राउंडला चालणारे प्रोग्रॅम, म्हणजेच सर्व्हिसेस, सुरू करतो आणि सांभाळतो. सर्व्हिस पडली की तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "हाताने चालवलं तर व्यवस्थित चालतं!" तक्रार खरी असते. हाताने कमांड देताना तुमचं शेल (टर्मिनलवरच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) बरंच काही गुपचूप पुरवत असतं: पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्याची यादी), बॅशआरसी या शेलच्या फाइलमधली व्हेरिएबल्स, तुम्ही ज्या डिरेक्टरीत आहात ती जागा, तुमचा युजर, समोरचं टर्मिनल. सिस्टमडी यातलं काहीही गृहीत धरत नाही. फेडोरा १५ ने २०११ मध्ये, तर डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ ने २०१५ मध्ये सिस्टमडी डीफॉल्ट केला. इतकी वर्षं झाली तरी युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) अजून शेल स्क्रिप्टसारखी लिहिली जाते, आणि खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

उदाहरणासाठी /ऑप्ट/नोंदणी मध्ये ठेवलेलं एक पायथॉन ॲप धरू. त्याची युनिट फाइल /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/नोंदणी.सर्व्हिस. कमांड आणि सेटिंग्जची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान-मोठी अक्षरं सांभाळून टाका.

एक्झेकस्टार्टला शेल समजणं

एक्झेकस्टार्ट ही कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते सांगणारी ओळ. ती हमखास अशी दिसते:

एक्झेकस्टार्ट=सीडी /ऑप्ट/नोंदणी && सोर्स व्हेनव्ह/बिन/ॲक्टिव्हेट && पायथॉन३ ॲप.पीवाय >> /व्हार/लॉग/नोंदणी.लॉग &

टर्मिनलवर ही ओळ बिनतक्रार चालेल. सिस्टमडी मात्र ही ओळ शेलकडे देतच नाही. पहिला शब्द तो प्रोग्रॅमचं नाव मानतो आणि उरलेलं सगळं, अगदी &&, >> आणि शेवटचं & सुद्धा, त्या प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट म्हणून देतो. सोर्स ही तर शेलच्या पोटातली कमांड. डिस्कवर तिची फाइलच नसते. याच कामासाठी दोन ओळी पुरतात:

वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/नोंदणी
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/नोंदणी/व्हेनव्ह/बिन/पायथॉन ॲप.पीवाय

व्हेनव्ह (पायथॉन आणि त्याची पॅकेजेस ठेवलेला ॲपपुरता फोल्डर) ॲक्टिव्हेट करायची गरज नाही. त्या फोल्डरमधला पायथॉन थेट चालवला की त्याला त्याची पॅकेजेस आपोआप सापडतात. आउटपुट जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, जातं, आणि प्रोसेस बॅकग्राउंडला ठेवणं हे तर सिस्टमडीचंच काम. शेल खरोखर लागत असेल तर छोटी स्क्रिप्ट लिहा आणि तिची शेवटची ओळ एक्झेकने सुरू करा. मग शेल बाजूला होतं, त्याच पीआयडीवर (प्रोसेसच्या क्रमांकावर) तुमचा प्रोग्रॅम बसतो आणि मुख्य प्रोसेस म्हणून सिस्टमडीला तोच दिसतो.

याच ओळीतले आणखी तीन खड्डे लहान आहेत, पण तास खातात. टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, कारण एकट्या % ला सिस्टमडीत वेगळा अर्थ आहे; डेटच्या फॉरमॅटमध्ये हे हमखास विसरतं. कमांडमधलं ~ होम डिरेक्टरीत बदलत नाही. आणि # ने सुरू होणारी कॉमेंट स्वतंत्र ओळीवरच चालते. "युजर=नोंदणी # ॲपचा युजर" असं लिहिलंत तर अख्खा मजकूर युजरचं नाव म्हणून वाचला जातो.

आकडा वाचा, अंदाज बांधू नका

सर्व्हिस पडली की सिस्टमसीटीएल स्टेटस नोंदणी या कमांडच्या आउटपुटमध्ये एक आकडा येतो. तो वाचायच्या आधीच फाइलमध्ये बदल करत बसणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २०० पासूनचे हे आकडे सहसा सिस्टमडीचे असतात. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी, त्याची तयारी करताना काय बिघडलं ते हे आकडे सांगतात.

२०३/एक्झेक म्हणजे फाइल चालवताच आली नाही. नेमकं का, ते जर्नलमध्ये त्याच्या वरच्या ओळीत असतं. "परमिशन डिनाइड" असेल तर आधी एक्झिक्यूटची परवानगी बघा. ती असूनही अडत असेल आणि फेडोरासारख्या एसईलिनक्स (फाइलवरच्या लेबलवरून परवानगी ठरवणारी सुरक्षा व्यवस्था) चालू असलेल्या सिस्टमवर फाइल /होम मधून हलवून आणलेली असेल, तर तिच्यावरचं लेबल जुनंच राहिलेलं असतं. फाइल /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवून रीस्टोरकॉन चालवा. "एक्झेक फॉरमॅट एरर" म्हणजे स्क्रिप्टच्या डोक्यावर #! ची ओळ नाही, किंवा बायनरी दुसऱ्याच प्रोसेसरसाठी बनवलेली आहे. सगळ्यात चकवणारा प्रकार तिसरा: फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". स्क्रिप्ट विंडोजवर लिहून आणली असेल तर तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं. मग कर्नल "/बिन/बॅश" ऐवजी शेवटी ते अक्षर चिकटलेल्या नावाची फाइल शोधतो, आणि ती अर्थातच नसते. हेड -१ चं आउटपुट कॅट -ए मधून काढा. ओळीच्या शेवटी ^एम$ दिसलं की चोर सापडला. डॉसटूयुनिक्स चालवून तो काढून टाका.

२००/सीएचडीआयआर: वर्किंगडिरेक्टरी अस्तित्वात नाही किंवा त्या युजरला तिथे शिरता येत नाही. २१७/युजर: युजर= मध्ये दिलेला युजरच बनवलेला नाही; युजरॲड --सिस्टम ने तो बनवा. २२६/नेमस्पेस: रीडराइटपाथ्ससारख्या सुरक्षेच्या ओळीत दिलेली वाट डिस्कवर नाही. डेटाची जागा हवी असेल तर स्टेटडिरेक्टरी=नोंदणी लिहिणं उत्तम; सिस्टमडी स्वतः /व्हार/लिब/नोंदणी बनवून योग्य मालकीसह देतो.

टाइपची गल्लत

टाइप= या, प्रोग्रॅम कसा सुरू होतो ते सांगणाऱ्या ओळीत चुकीचा शब्द पडला की लक्षणं अगदी ठरलेली असतात, आणि लक्षणांवरूनच चूक ओळखता येते.

सर्व्हिस सुरू झाल्याचं दिसतं आणि सेकंदभरात "इनॅक्टिव्ह (डेड)" होते, एररही नाही. इथे टाइप सिंपल आहे आणि प्रोग्रॅम स्वतःला डेमन बनवतोय, म्हणजे मूळ प्रोसेस संपवून बॅकग्राउंडला जातोय. मूळ प्रोसेस संपली म्हणजे सर्व्हिस संपली असं सिस्टमडी मानतो आणि त्याच कंट्रोल ग्रुपमध्ये उरलेल्या मुलांना, म्हणजे तिने सुरू केलेल्या प्रोसेसना, आवरून घेतो. उपाय शक्यतो प्रोग्रॅमकडूनच करा: बहुतेक डेमनना फोरग्राउंडला राहण्याचा पर्याय असतो. एन्जिनएक्समध्ये "डेमन ऑफ;" आहे, एसएसएचडीला -डी आहे.

याच्या उलट, स्टार्ट दिल्यावर टर्मिनल अडकून बसतं आणि बरोबर ९० सेकंदांनी "टाइम्ड आउट" म्हणत चालता प्रोग्रॅम मारला जातो. इथे टाइप फोर्किंग लिहिलंय आणि प्रोग्रॅम फोर्क करतच नाही, म्हणजे नवी प्रोसेस काढून मूळ संपवत नाही. सिस्टमडी मूळ प्रोसेस संपायची वाट बघत राहतो. ते ९० सेकंद म्हणजे टाइमआउटस्टार्टसेकचा डीफॉल्ट. तो वाढवून काही होत नाही, वाट बघणं तेवढं लांबतं. टाइप नोटिफाय लिहून प्रोग्रॅमने तयार असल्याचा निरोप पाठवला नाही, तरी असंच घडतं.

सिंपलबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. यात नवी प्रोसेस फोर्क झाली की स्टार्ट यशस्वी मानलं जातं. बायनरी खरोखर चालली का, हे बघितलं जात नाही. म्हणून फाइलचं नाव चुकलं असलं तरी सिस्टमसीटीएल स्टार्ट काही न बोलता परत येतं आणि डिप्लॉय स्क्रिप्ट "सगळं ठीक" म्हणून पुढे जाते. आवृत्ती २४० पासून टाइप=एक्झेक आहे. त्यात सिस्टमडी बायनरी चालू होईपर्यंत थांबतो आणि २०३, २१७ सारख्या चुका स्टार्टच्या वेळीच समोर येतात. साध्या फोरग्राउंड प्रोग्रॅमसाठी आमची पसंती यालाच.

व्हेरिएबल्स कुठे गेली?

बॅशआरसी आणि प्रोफाइल या फाइल्स शेल वाचतं, सिस्टमडी वाचत नाही. त्यामुळे एनव्हीएम किंवा पायएनव्ह या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनांनी होममध्ये बसवलेला नोड किंवा पायथॉन सर्व्हिसला सापडत नाही. पूर्ण वाट लिहा.

एन्व्हायर्नमेंटफाइल= ने फाइल जोडता येते, पण तीही शेलची फाइल नाही. "एक्सपोर्ट डीबी_होस्ट=लोकलहोस्ट" अशी ओळ सिस्टमडी अमान्य म्हणून सोडून देतो; जर्नलमध्ये तशी नोंद होते, पण तिथवर कोणी जात नाही. एक्सपोर्ट काढा. एका व्हेरिएबलमध्ये दुसऱ्याचं मूल्य गुंफलेलं असेल तर तेही उलगडणार नाही, पूर्ण मूल्य लिहा. पासवर्ड युनिट फाइलमधल्या एन्व्हायर्नमेंट= मध्ये टाकू नका: सिस्टमसीटीएल शो चालवणाऱ्या कुठल्याही युजरला तो वाचता येतो. वेगळी फाइल करा, मालक रूट, परवानगी ६००. युजर= काहीही असला तरी ती फाइल सिस्टमडी स्वतः वाचतो, त्यामुळे अडचण येत नाही.

फाइल डिस्क्रिप्टरची (एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइल्सची) मर्यादाही याच जातीची. /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये ६५५३६ लिहून ठेवलं तरी "टू मेनी ओपन फाइल्स" येत राहतं, कारण ती फाइल लॉगिनच्या वेळी पॅम (लॉगिन हाताळणारी यंत्रणा) लागू करतो, आणि सर्व्हिस लॉगिन करत नाही. युनिटमध्ये लिमिटनोफाइल=६५५३६ लिहा. चालत्या प्रोसेसला खरोखर काय मिळालं ते /प्रॉक/पीआयडी/लिमिट्स मध्ये बघून घ्या.

लॉग येतच नाहीत

ॲप चालू, जर्नल कोरं. पायथॉनच्या बाबतीत कारण जवळजवळ नेहमी बफरिंग असतं. समोर टर्मिनल असेल तर पायथॉन ओळ संपली की लगेच छापतो. नसेल तर काही किलोबाइट साठेपर्यंत धरून ठेवतो. प्रोग्रॅम मधेच मारला गेला तर साठलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि नेमक्या त्याच ओळी तुम्हाला हव्या असतात. एन्व्हायर्नमेंट=पायथॉनअनबफर्ड=१ टाका.

वाचताना जर्नलसीटीएल -यू नोंदणी -बी -एन ५० वापरा: याच बूटमधल्या शेवटच्या ५० ओळी. स्टेटसमध्ये दिसतात त्या फक्त शेवटच्या दहा, आणि त्याही स्क्रीनच्या रुंदीला कापलेल्या. रीबूटनंतर जुने लॉग गायब होत असतील तर /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी आहे का ते बघा. डीफॉल्ट सेटिंगमध्ये ती नसेल तर जर्नल फक्त मेमरीत राहतं.

रीस्टार्टचं गणित

रीस्टार्ट=ऑलवेज लिहिलं, तरी सर्व्हिस पडून राहते आणि "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली" म्हणते. डीफॉल्ट आकडे बघितले की कोडं सुटतं. दोन प्रयत्नांमधला अवकाश, म्हणजे रीस्टार्टसेक, १०० मिलिसेकंद. आणि १० सेकंदांत ५ वेळाच सुरू करायची मुभा. सुरू होताच पडणारा प्रोग्रॅम ही मुभा सेकंदाच्या आत संपवतो. डेटाबेस वर यायला तेवढ्यात वीस सेकंद लागणार असतील तर नोंदणीने कधीच हार मानलेली असते. रीस्टार्टसेक=५ करा. मग १० सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत आणि सर्व्हिस न थकता प्रयत्न करत राहते. ते नको असेल तर युनिट विभागात स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=३०० आणि स्टार्टलिमिटबर्स्ट=१० द्या. या दोन ओळी सर्व्हिस विभागात टाकणं ही नेहमीची चूक. त्यांची जागा युनिट विभागात आहे. मर्यादा ओलांडून पडलेली सर्व्हिस उठवण्याआधी सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड नोंदणी चालवा.

जावाची सर्व्हिस तुम्ही स्वतः थांबवली तरी "फेल्ड" दिसते, ते वेगळंच. सिगटर्म (थांबण्याचा सिग्नल) मिळाल्यावर जावा १४३ हा कोड देऊन बाहेर पडतो. सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३ लिहिलं की लाल रंग जातो.

आफ्टर आणि वॉन्ट्स

आफ्टर फक्त क्रम सांगतो, वॉन्ट्स आणि रिक्वायर्स फक्त गरज सांगतात. नुसतं रिक्वायर्स=पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस लिहिलं तर दोन्ही एकाच वेळी सुटतात. नुसतं आफ्टर लिहिलं आणि डेटाबेस एनेबल नसेल (बूटला आपोआप सुरू होत नसेल), तर तो सुरूच होत नाही. दोन्ही ओळी लागतात.

नेटवर्कबाबतही तसंच. टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा; आफ्टर=नेटवर्क.टार्गेट म्हणजे आयपी मिळाला असं नव्हे. ठरावीक पत्त्याला बांधणाऱ्या किंवा बूटला बाहेर जोडणी करणाऱ्या ॲपला वॉन्ट्स आणि आफ्टर या दोन्हींत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट द्या, आणि तुमच्या नेटवर्क मॅनेजरची वेट-ऑनलाइन सर्व्हिस एनेबल आहे ना, ते बघा. तीच बंद असेल तर तो टार्गेट काहीच वाट न बघता पूर्ण होतो.

बदल केला, फरक नाही

फाइल बदलल्यावर सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड, आणि मग रीस्टार्ट. नुसत्या रीलोडने चालती प्रोसेस बदलत नाही. स्टार्ट आत्तापुरतं, एनेबल पुढच्या बूटसाठी. एनेबल --नाऊ दोन्ही करतं. इन्स्टॉल विभागात वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट नसेल तर एनेबल काहीच जोडत नाही.

पॅकेजने दिलेली /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम मधली फाइल थेट बदलू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. सिस्टमसीटीएल एडिट वापरा. तिथे एक्झेकस्टार्ट बदलायचं असेल तर आधी रिकामी ओळ लागते:

[सर्व्हिस]
एक्झेकस्टार्ट=
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/लोकल/बिन/नवाप्रोग्रॅम

रिकामी ओळ विसरलात तर जुनी आणि नवी अशा दोन कमांड जमा होतात आणि वनशॉट (एकदाच चालून संपणारा) सोडून इतर टाइपमध्ये सिस्टमडी युनिटच नाकारतो. शेवटी काय जुळून आलं ते सिस्टमसीटीएल कॅट नोंदणी दाखवतं, आणि सुरू करण्याआधी सिस्टमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय चालवलं तर सेटिंगच्या नावातल्या चुका तिथेच पकडल्या जातात.

स्वतःच्या युजरखाली --युजर ने सर्व्हिस चालवत असाल तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या युनिटमध्ये युजर= लिहायचं नाही, नाहीतर २१६/ग्रुप येतो; आणि वॉन्टेडबाय मध्ये डीफॉल्ट.टार्गेट लिहायचं, कारण मल्टी-युजर.टार्गेट तिथे नसतो. एसएसएच बंद करताच सर्व्हिस मरत असेल तर लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर आणि पुढे युजरचं नाव, ही कमांड एकदा चालवावी लागते. त्यानंतर तुम्ही लॉगआउट झालात तरी ती चालू राहते आणि बूटलाही लॉगिनशिवाय सुरू होते.