गुगल कॅलेंडरमध्ये डेडलाइनचा दिवस-महिना उलटा येत असेल तर

सेमिस्टरचं वेळापत्रक गुगल शीटमधून इम्पोर्ट केलं, तर 5 ऑगस्टचं टर्मवर्क सबमिशन 8 मेला आणि 9 जुलैची फ्रेशर्स पार्टी थेट 7 सप्टेंबरला! टाइम झोन बदलला, अ‍ॅप नव्याने टाकलं. नुसता डोक्याला ताप.

गोम सीएसव्हीत (शीट साध्या मजकुराच्या रूपात साठवणारी फाइल) होती. तिच्यात दिवस आधी होता, पण कॅलेंडर तारीख महिना/दिवस/वर्ष अशी वाचतं.

आधी कॉम्प्युटरवर (फोनच्या अ‍ॅपमध्ये इम्पोर्ट नाहीच) वेगळं कॅलेंडर तयार करा; बिघडलं तर तेवढंच उडवता येतं. मग शीटमध्ये तारखांचा कॉलम निवडून फॉरमॅट, नंबर, कस्टम डेट अँड टाइममध्ये महिना पुढे आणा. सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली तारीख म्हणजे नुसता मजकूर, ती पुन्हा टाइप करा. सीएसव्ही डाउनलोड करून कॅलेंडरच्या सेटिंग्जमधल्या इम्पोर्ट अँड एक्स्पोर्टमधून नव्या कॅलेंडरमध्ये घ्या. शीटच्या पहिल्या ओळीत ‘सब्जेक्ट’ (Subject) आणि ‘स्टार्ट डेट’ (Start Date) ही कॉलमची नावं मात्र इंग्रजी लिपीतच हवीत.