लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी उजळ फोकसिंग स्क्रीन कशी निवडावी

काळ्या कापडाखाली डोकं घातलं, लेन्स पूर्ण उघडली, तरी कॅमेऱ्यामागच्या घासलेल्या काचेवर, म्हणजे फोकसिंग स्क्रीनवर, मधोमध उजेडाचा एक गोळा आणि चारही कोपऱ्यांत अंधार. व्ह्यू कॅमेरा (मोठ्या सुट्या फिल्मचा, मागच्या काचेवर बघून फोकस करायचा कॅमेरा) वापरणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी अनुभवलेलं असतं. मग उजळ स्क्रीनचा शोध सुरू होतो. शोध जरूर घ्या, फक्त एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवा: स्क्रीन स्वतः उजेड तयार करत नाही. लेन्समधून जेवढा आला तेवढाच उजेड, तो कोणत्या दिशेला पाठवायचा इतकंच तिच्या हातात असतं. पुढची सगळी निवड या एका हिशेबावर चालते.

आधी अंधाराचं कारण शोधा

कॅमेरा एखाद्या उजळ भिंतीकडे वळवा आणि काचेचा एक काळवंडलेला कोपरा निवडा. आता डोकं मधोमध न ठेवता त्याच कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला न्या आणि तिथून कोपऱ्यातून थेट लेन्सच्या दिशेने बघा. कोपरा एकदम उजळला, तर उजेड तिथपर्यंत पोहोचतो आहे, फक्त तुमच्या डोळ्यांकडे न येता बाहेर निघून जातो आहे. ही तक्रार फ्रेनेल भिंगाने, म्हणजे काचेला लावायच्या खाचांच्या चपट्या भिंगाने, दूर होते. डोकं हलवूनही कोपरा काळाच राहिला, तर उजेडच कमी पोहोचतो आहे आणि कोणतीही स्क्रीन तो भरून देणार नाही.

वाइड लेन्सच्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र येतात. साध्या भूमितीनुसार ४×५ इंची फिल्मच्या कोपऱ्यात ९० मिमीच्या लेन्सचा उजेड मध्याच्या साधारण एक तृतीयांश उरतो. २१० मिमीच्या लेन्सला तोच सुमारे तीन चतुर्थांश असतो. शिवाय पूर्ण उघडून एफ/८ पर्यंतच जाणारी लेन्स एफ/५.६ च्या निम्माच उजेड देते. अशा वेळी स्क्रीनवर खर्च करण्यापेक्षा जास्त उघडणारी लेन्स मिळते का ते पाहिलेलं बरं.

बिनखर्चाचे उपायही आधी करून बघा. सध्याची काच काढून सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, कारण घासलेल्या बाजूला बोटांचा तेलकटपणा बसला की तिथले डाग वेगळे उठून दिसतात. कापड दाट आणि खाली गळ्यापर्यंत येणारं घ्या. कापडाखाली गेल्यावर लगेच निर्णय न घेता डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. स्क्रीन अंधारी म्हणून बदलायला निघालेल्या काही जणांची खरी गरज जवळच्या चष्म्याची असते, हे मी मनापासून सांगतो.

काच किती बारीक घासलेली हवी

भरड घासलेली काच उजेड सगळीकडे पसरवते. चित्र मंद पण सारखं दिसतं आणि फोकस आला की झटकन कळतो. मात्र लूपखाली (काचेवर टेकवून बघायच्या छोट्या भिंगाखाली) तिचे कण मोठे दिसतात आणि बारीक तपशील त्यांत हरवतो. बारीक घासलेली काच उजेड कमी पसरवते, त्यामुळे मध्य छान उजळतो, तपशील दिसतो, पण कोपरे आणखी अंधारतात.

बारीकपणाला मर्यादा असते ती वेगळ्याच कारणाने. काच जवळजवळ पारदर्शक झाली, तर डोळा काचेवरचं चित्र सोडून तिच्या पुढे-मागे हवेत तरंगणाऱ्या प्रतिमेवर स्थिरावतो. आपल्याला सगळं तीक्ष्ण दिसतं, फिल्मवर मात्र फोकस चुकलेला येतो. म्हणून दुकानात पाहिलेली सर्वांत उजळ काच मी तरी लगेच उचलणार नाही. फोकसचा नॉब पुढे-मागे फिरवल्यावर फोकस एकाच ठिकाणी ठामपणे येतो का, हे आधी बघेन.

दोन काचांमध्ये मेणाचा पातळ थर असलेली बॉसस्क्रीनसारखी स्क्रीन कणांच्या बाबतीत फार सुखद असते. तिला उष्णतेपासून जपावं लागतं.

फ्रेनेल घ्यावं का

ऑगस्तँ फ्रेनेल यांनी १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या दीपगृहावर बसवलेल्या भिंगाचीच ही चपटी, प्लास्टिकची आवृत्ती आहे. जाड भिंगाची वक्रता बारीक गोल खाचांमध्ये वाटून टाकलेली असते. बाहेर पळणारे किरण ते आत वळवतं, म्हणून कोपरे उजळतात.

विकत घेण्याआधी स्वस्तात चाचणी होते. पुस्तक वाचायला मिळतो तो कागदासारखा चपटा मॅग्निफायर घ्या आणि काचेच्या मागच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूला टेकवून धरा. त्याच्या खाचा भरड असतात, पण कोपरे उजळतात की नाही ते लगेच कळतं.

फ्रेनेलचं नाभीय अंतर तुमच्या लेन्सशी जुळलं पाहिजे. २५० मिमीचं फ्रेनेल ३०० मिमीच्या लेन्सला लावलं तर किरण जवळजवळ समांतर होऊन डोळ्यांकडे येतात आणि पूर्ण स्क्रीन सारखी दिसते. तेच फ्रेनेल ९० मिमीच्या लेन्सला लावलं, तर किरण जणू १४० मिमीवरून आल्यासारखे पसरत राहतात. सुधारणा होते, पण अर्धवट. तुम्ही सर्वाधिक कोणती लेन्स वापरता, त्यावरून फ्रेनेल निवडा. इमारतींसाठी लेन्स बरीच वर उचलत असाल, तर उजेडाचा गोळाही तिच्याबरोबर सरकतो आणि डोकं हलवत बसावं लागतं, हेही गृहीत धरा.

फ्रेनेलची अडचण दिसते ती लूपखाली. ४ पट लूपला वलयं सहसा सहन होतात, ७–८ पटीला ती तपशिलावर आडवी येतात. बदल्यात एक सोय मिळते: नुसत्या काचेवर कोपऱ्यात लूप लेन्सच्या दिशेने तिरकं धरावं लागतं, फ्रेनेल असेल तर ते बऱ्यापैकी सरळ टेकवता येतं.

सर्वांत महत्त्वाचं: फोकसची पातळी

इथे घाई केली तर चांगली स्क्रीनही फोटो बिघडवते. काचेची घासलेली बाजू नेहमी लेन्सकडे असते आणि होल्डर (फिल्म ठेवायची चपटी पेटी) बसवल्यावर फिल्म जिथे येते, तंतोतंत तिथेच ती असायला हवी. ४×५ होल्डरमध्ये फिल्म बसण्याची जागा ०.१९७ इंच, म्हणजे साधारण ५ मिमी खोल ठरवलेली आहे आणि त्यात सूट फक्त ०.००७ इंचाची.

फ्रेनेल काचेच्या मागे, तुमच्या बाजूला बसवलं तर ही पातळी बदलत नाही. नवख्या माणसाने हाच मार्ग धरावा. खाचा काचेकडे, गुळगुळीत बाजू बाहेर.

फ्रेनेल काचेच्या पुढे, लेन्स आणि काचेच्या मध्ये आलं, तर फोकस त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकतो. १.५ मिमी ॲक्रिलिकला हा फरक अर्धा मिमी होतो. एफ/५.६ ला ०.१ मिमी अस्पष्टता चालवून घेतली तरी हाताशी असलेली सूट पुढे आणि मागे प्रत्येकी जेमतेम अर्धा मिमी असते, म्हणजे एका बाजूची सगळी संपली. एफ/२२ ला ही चूक झाकली जाते, म्हणून ती अनेक महिने लक्षातही येत नाही. ग्राफ्लेक्स या अमेरिकी कंपनीच्या कॅमेऱ्यांतल्या जुन्या एक्टालाइट पद्धतीत फ्रेनेल पुढेच असतं, पण तो बॅक (कॅमेऱ्याचा काच धरणारा मागचा भाग) त्या हिशेबानेच बनवलेला असतो. त्यातून फ्रेनेल काढून नुसती काच बसवली की फोकस उलट बिघडतो. मेणाच्या स्क्रीनलाही हाच नियम लागू आहे, कारण चित्र पुढच्या काचेच्या मागे उमटतं.

बसवणं आणि तपासणं

जुनी काच काढण्याआधी तिच्या चौकटीतल्या कागदी किंवा धातूच्या पट्ट्या कुठे होत्या त्याचे फोटो काढून ठेवा. नवी काच बसवल्यावर बॅकवर सरळ स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि डेप्थ गेजने (खोली मोजायच्या साधनाने) पट्टीपासून घासलेल्या बाजूपर्यंतचं अंतर मोजा. मग होल्डरमध्ये वाया गेलेली फिल्म घालून त्याच पद्धतीने फिल्मपर्यंतची खोली मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांजवळ मोजा, कारण काच एका बाजूला कलती बसणं सहज घडतं.

त्यानंतर लूप जुळवा. फ्रेनेलच्या जाडीमुळे लूप आता काचेपासून दूर गेलेलं असतं, म्हणून त्याची रिंग फिरवून घासलेल्या काचेचे कण स्पष्ट दिसतील तिथे थांबवा. फोकस बदलता न येणारं लूप असेल तर फ्रेनेल घेण्याआधीच हा विचार करायला हवा.

शेवटी प्रत्यक्ष फोटो. एक मोजपट्टी टेबलावर तिरकी ठेवा, मधल्या एका आकड्यावर लेन्स पूर्ण उघडून फोकस करा आणि त्याच अपर्चरला एक फिल्म टाका. फिल्मवर दुसराच आकडा सर्वांत तीक्ष्ण आला, तर पट्ट्या कमी-जास्त करून पुन्हा मोजा. मॅक्रोइतकं जवळ जाऊ नका, तिथे चूक ओळखणं अवघड होतं.

फ्रेनेलला अल्कोहोल किंवा ॲसिटोन लावू नका. हवा मारा, मऊ ब्रश फिरवा, फारच झालं तर सौम्य साबणाचं पाणी, आणि खाचांच्या दिशेनेच पुसा. प्रवासात त्यावर पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण असू द्या. आणि जुनी काच टाकू नका: ७५ किंवा ९० मिमीची लेन्स लावून रात्रीच्या वेळी कोपऱ्यात फोकस करायचा असेल, तेव्हा वलयं नसलेली ती काचच जास्त उपयोगी पडते.