थंडीत कोई पाँड सांभाळताना या चुका टाळा

तळ्यावर बर्फ धरतो अशा भागात कोई (तळ्यात पाळायचे रंगीत कार्प मासे) ठेवले असतील तर पहिली चूक म्हणजे खायला घालत राहणं. पाणी 10 अंशांच्या खाली गेलं की खाद्य बंद, म्हणजे पूर्ण बंद. गार पाण्यात माशाचं पचन जवळजवळ थांबलेलं असतं, मग खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं आणि उरलेलं पाण्यात कुजून माशांना विषारी असा अमोनिया वाढवतं. मधेच एखाद्या दिवशी छान ऊन पडतं, मासे वर येऊन तोंड उघडतात आणि आपल्याला दया येते... नका घालू! धडधाकट कोई अंगातल्या चरबीवर अख्खा हिवाळा काढतो. आणि तापमान पाण्याचं बघा, हवेचं नाही.

दुसरी चूक पटकन लक्षातच येत नाही. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून वर बर्फ असला तरी तळाचं पाणी त्यातल्या त्यात उबदार राहतं आणि मासे तिथेच गपचूप पडून असतात (मेले समजून काठीने ढोसू नका प्लीज). आता एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) किंवा पंप तळाशीच ठेवला तर तो सगळं ढवळून तो थरच मोडतो. म्हणून एअर स्टोन वर घ्या, फूटभर खोलीवर पुरे, आणि धबधबा बंद. तळं तीन फुटांपेक्षा उथळ असेल तर सरळ मासे घरात टबमधे हलवलेले बरे.

बर्फ पूर्ण धरला तर हातोडा घेऊन धावू नका, त्या दणक्याचा धक्का पाण्यातून थेट माशांना बसतो. गरम पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवा, हळूहळू भोक पडतं. भोक हवं ते खालचा वायू बाहेर पडायला, आणि डी-आयसर (बर्फात भोक उघडं ठेवणारा छोटा हीटर) लावला तरी तो तेवढंच काम करतो, तळं तापवत नाही. वायू येतो कुठून, तर कुजणाऱ्या पाल्यातून. म्हणजे पानगळीआधीच जाळी टाकायला हवी होती, गाळही तेव्हाच काढायचा. ऐन थंडीत तळ उपसत बसू नका.

अंगावर जखमा बहुतेक वेळा थंडी सरताना दिसतात, कारण पाणी कोमट व्हायला लागलं की जंतू आधी जागे होतात, माशाची प्रतिकारशक्ती मागून येते. त्यात फिल्टरमधले अमोनिया संपवणारे बॅक्टेरियाही सुस्तावलेले, त्यामुळे लगेच पोटभर खाद्य टाकलं की अमोनिया चढलाच. पाणी सलग काही दिवस 10 च्या वर टिकलं की मगच व्हीट जर्मचं (गव्हाच्या अंकुराचं) हलकं खाद्य, चिमूटभर, आणि पाण्यातला अमोनिया तपासायचं टेस्ट किट हाताशी ठेवून.