'प्रामाणिक' या एका शब्दात माझे चार महिने गेले: लॅटिन घेणाऱ्यांसाठी

मी कोल्हापुरात राहून फिलॉसॉफीत एम.ए. केलं आणि प्रोजेक्टला रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोच्या 'दे ऑफिकिईस' ('कर्तव्यांविषयी') या लॅटिन पुस्तकाचा पहिला खंड मराठीत आणायचं ठरवलं. लॅटिन ऑनलाइन क्लासला शिकलो, रात्री नऊ ते साडेदहा, राजारामपुरीतल्या रूमवर. आता ज्युनिअर पोरं विचारतात की जमेल का, म्हणून लिहितोय.

आधी धीराचं सांगतो. शाळेत संस्कृत झालं असेल तर घाबरायचं कारणच नाही. विभक्ती म्हणजे काय हे इंग्लिश मीडियमच्या पुस्तकाला दहा पानं लावून समजवावं लागतं, ते तुमच्या डोक्यात आधीच आहे. फक्त अब्लेटिव्ह ही लॅटिन विभक्ती जपून, कारण आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी त्या एकाच रूपात कोंबलेली असते. 'उर्बे काप्ता' दिसलं की सति सप्तमी आठवा, 'शहर जिंकल्यावर', झालं. आणि क्रियापद आधी शोधा असं सगळी गाइडं सांगतात ते मला अजिबात पटत नाही. सिसेरोचं वाक्य सात ओळी चालतं आणि क्रियापद बऱ्याचदा शेवटाला येतं, पण आपण मराठीत रोज तसंच बोलतो की! ओळीनं वाचत जा, उड्या मारू नका.

आता जिथं मी अडकलो ते. ह्या पुस्तकाचा कणा एकच शब्द आहे, 'होनेस्तुम'. इ.स.पू. 44 मध्ये सिसेरोनं हे लिहिलं ते अथेन्सला शिकायला गेलेल्या आपल्या पोराला, मार्कुसला. पहिला खंड होनेस्तुमवर, दुसरा 'उतिले' म्हणजे फायद्याच्या गोष्टींवर, आणि दोन्ही भांडतायत असं वाटलं तर काय करायचं ते तिसऱ्यात. मी होनेस्तुम बघितलं, डोक्यात ऑनेस्ट आलं आणि हात 'प्रामाणिक' लिहून मोकळा. डिक्शनरी उघडलीसुद्धा नाही, इतका शब्द ओळखीचा वाटला. चार महिने, पानामागून पान, प्रामाणिक, प्रामाणिकपणा.

मग एकदा सर वही घेऊन बसले. सरांना लॅटिन येत नाही, संस्कृत येतं. पंधराव्या परिच्छेदावर पेन्सिल थांबली. तिथं होनेस्तुमचे चार भाग सांगितलेत: सत्य ओळखणं, समाज सांभाळून ज्याचं त्याला देणं, मनाचा मोठेपणा आणि ताकद, वागण्याबोलण्यातलं माप. सरांनी विचारलं, "अरे, प्रामाणिकपणात शौर्य कसं काय बसलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. लई वेळ नुसता वहीकडं बघत बसलो.

होनेस्तुमच्या मुळाशी 'होनोस' आहे, म्हणजे मान. ग्रीकमध्ये स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ 'कालोन' म्हणायचे, जे सुंदर आणि नैतिकदृष्ट्या उत्तम, त्यासाठी सिसेरोनं हा लॅटिन शब्द लावला. आणि तो स्वतःच चौदाव्या परिच्छेदात म्हणतो की कुणीही कौतुक केलं नाही तरी ते मुळात कौतुकालायकच असतं. म्हणजे मान मिळो ना मिळो, मानाला पात्र असलेलं वागणं. तालमीत वाढलेल्या माणसाला हे चटकन कळेल, गदा कुणाला मिळाली हा वेगळा विषय आणि कुस्ती कशी केली हा वेगळा. मी शेवटी 'शील' घेतलं आणि पहिल्या पानावर खुलासा लिहिला. पूर्ण समाधान अजून नाही. सगळी वही पुन्हा लिहिली.

हा एकटा शब्द नाही बरं का. 'ऑफिकियुम' म्हणजे ऑफिस नाही, कर्तव्य. 'विर्तुस'ला सरळ व्हर्च्यू म्हणून सद्गुण करू नका, त्यात 'विर' आहे, म्हणजे पुरुष, आपल्या 'वीर'चाच नातलग. जो शब्द इंग्लिशमुळं सोपा वाटतो तोच आधी डिक्शनरीत बघायचा. लुईस आणि शॉर्टची 1879 ची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिथं नुसता पहिला अर्थ उचलू नका, खालची उदाहरणंपण वाचा.

लोएबची लाल पुस्तकं वापरा, त्यात डावीकडं लॅटिन आणि उजवीकडं इंग्लिश भाषांतर असतं, पण उजवीकडचं इंग्लिश पान पुठ्ठ्यानं झाका. मी झाकलं नव्हतं, त्यामुळं लॅटिन वाचतोय असं वाटायचं आणि वाचत होतो इंग्लिश. एआयकडनं भाषांतर काढून 'सुधारणारे' पण बघितलेत, ते परीक्षेत न बघितलेला उतारा आला की गप्प बसतात. मोठ्या नावाच्या माणसामागं धावण्यापेक्षा आठवड्याला अर्धा तास तुमच्या दहा ओळींवर बसणारा कुणीतरी धरा. त्याला लॅटिन नसलं तरी चालेल, प्रश्न विचारता आले पाहिजेत.

पहिल्या सेमिस्टरला दोन तासात पाच ओळी झाल्या तरी ठीक आहे, खरंच ठीक आहे, माझ्या तेवढ्याच व्हायच्या. सुरुवात सिसेरोनं नको, सेनेका या रोमन तत्त्वज्ञापासून करा, त्याची वाक्यं आखूड. त्यानं लुकिलियुस या मित्राला लिहिलेली 124 पत्रं आहेत, पहिलंच घ्या. त्यात वेळ कसा जातो ते सांगताना तीन क्रियापदं लागोपाठ येतात, 'आउफेरेबातुर, सुब्रिपिएबातुर, एक्स्किदेबात'. हिसकावून नेला जायचा, गुपचूप चोरला जायचा, हातातनं निसटून पडायचा. पहिली दोन कर्मणी, तिसरं नाही, आणि ते का, हे इंग्लिश पान उघडायच्या आधी वहीत लिहून बघा.