अडाणी, गावंढळ, असंस्कृत : कुणाला असभ्य म्हणताना या चुका टाळा

तक्रारअर्ज, नोटिसा, कथा, लांबलचक पोस्टी असं बरंच काही लोक माझ्याकडे तपासायला पाठवतात, आणि ज्याला वागायची रीत नाही अशा माणसासाठी त्यात तेच चार-पाच शब्द कसेही ठोकलेले असतात. रांगेत घुसला की अडाणी, फोनवर जोरात बोलला की गावंढळ, उलट उत्तर दिलं की असंस्कृत. मराठीत या प्रत्येक वागण्याला वेगळा शब्द आहे, तो शोधायचा कंटाळा केला की अपमान भलत्याच माणसाचा होतो.

सगळ्यात जास्त डोक्यात जाते ती अडाणीची चूक. अडाणी म्हणजे ज्याला शिक्षण मिळालं नाही किंवा एखाद्या विषयातलं कळत नाही तो. चांगले शिकलेले लोकही "शेअर बाजारात मी अगदी अडाणी आहे" असं स्वतःबद्दल सहज म्हणतात, त्यात असभ्यपणा कुठे आला? गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) शाळेत गेले नव्हते, अंगावर चिंध्यांचे कपडे आणि हातात खराटा, गावात पोचले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून विचार करायला लावायचे, आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आणि डिग्रीवाला माणूस जिन्यात पिचकारी मारतो तेव्हा आपण त्याला अडाणी म्हणतो, म्हणजे त्याचा दोष न शिकलेल्यांच्या माथी मारतो. तो बेशिस्त आहे, घाणेरडा आहे आणि हटकल्यावर नुसता हसत उभा राहत असेल तर कोडगा आहे. कोडगा हा फार नेमका शब्द आहे, बोलणी खाऊनही ज्याच्यावर काही परिणाम होत नाही तो, पण हल्ली कुणी वापरतच नाही.

गावंढळचंही तेच. शहरातल्या पद्धती माहीत नसणं हा नवखेपणा, तो चार दिवसांत जातो, उर्मटपणा जात नाही. आणि गावाकडच्या जीवनावर कथा लिहून तिला कौतुकाने "ग्राम्य कथा" म्हणणाऱ्यांनी कृपा करून ग्रामीण लिहा. ग्राम्य म्हणजे भरड, अश्लीलतेकडे झुकणारं, संस्कृत काव्यशास्त्रात तर ग्राम्यत्व हा काव्याचा दोष मानलाय.

आता असंस्कृत. एका सोसायटीतला किस्सा सांगतो. एक सभासद रोज गेटसमोर आडवी गाडी लावायचा, वॉचमनने सांगितलं तर त्याच्यावर आवाज चढवायचा. सेक्रेटरी वैतागले आणि घाईघाईत नोटीस काढली, "सदर सभासद असंस्कृत असून त्यांना सुसंस्कृत वस्तीत कसे राहावे याचे ज्ञान नाही." झालं! गाडी राहिली बाजूला. सभासदाची म्हातारी आई खाली आली आणि सगळ्यांसमोर विचारायला लागली की माझे संस्कार काढणारे तुम्ही कोण. कालपर्यंत सेक्रेटरींच्या बाजूने असलेले लोकही त्या माऊलीच्या बाजूने बोलायला लागले, सभासदाने वकिलाकडून पत्र पाठवलं आणि मग तो कागद माझ्याकडे आला. मी ते वाक्य काढून एवढंच लिहिलं, की अमुक तारखांना गाडी गेटसमोर आडवी लावली, वॉचमनने विनंती केल्यावर त्याला अपशब्द वापरले, यापुढे गाडी ठरलेल्या जागी लावावी. त्यावर वाद घालायला जागाच नव्हती, गाडी हलली.

असंस्कृत म्हटलं की आईबाप पिंजऱ्यात उभे राहतात, हे मराठी माणसाला सांगायला लागू नये. माझी सवय अशी, तक्रारीत विशेषण आलं की ते खोडायचं आणि त्या जागी कृती लिहायची, काय केलं, कुणाला काय बोलला. कृती लिहायला वेळ लागतो हे खरं, तारीख बघावी लागते, कुणाला तरी विचारावं लागतं. पण नवीन लिहिणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो, मोबाईलवर समानार्थी शब्द शोधतात आणि यादीतला सगळ्यात जड शब्द उचलतात. तो शब्द आपल्या आजीने कधी कुणाला वापरला असता का एवढं जरी मनात आणलं तरी निम्म्या चुका टळतील.

छपरी अजिबात नको. हा शब्द छप्परबंद समाजाशी जोडला जातो, तो समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, म्हणजे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावर जे सुटले त्यांच्यातला. रंगवलेले केस आणि मोठ्या आवाजाची बाईक एवढ्यावरून पोरांना हा शब्द चिकटवणं मला सहन होत नाही. कुठल्याही जातीचं नाव विशेषण म्हणून वापरायचं नाही, यात माझ्याकडे सूट नाही.

बाकीचे पटापट सांगतो. फटकळ माणूस तोंडावर बोलतो पण त्याच्या मनात काही नसतं, उद्धट माणूस समोरच्याचा मान ठेवत नाही, दोघांना एका मापाने मोजू नका. आगाऊ म्हणजे न विचारता मध्ये तोंड घालणारा. लहान मुलाला वात्रट म्हणा, चावट म्हणताना दहा वेळा विचार करा कारण त्याला वेगळा वास येतो. धसमुसळा माणूस वस्तू आपटतो, धक्के देतो, पण ते मुद्दाम नसतं. रांगडा बहुतेक वेळा कौतुकाचा शब्द असतो, तक्रारीत घालू नका. शिवराळ फक्त शिव्या देणाऱ्यालाच. आणि उद्धट लिहिताना द ला ध जोडा, उध्दट किंवा उद्दट नाही.