कुत्र्याला घेऊन खानदेशच्या डोंगरात जायचं असेल तर

कुत्रं स्वतःहून थांबत नाही. तुम्ही चढताय तोवर ते चढतं. धाप लागली, पाय पोळले, तरी तुमच्या मागे येतं. म्हणून डोंगरात थांबायचं कधी, हे त्याच्या वतीनं तुम्हालाच ठरवावं लागतं. मी धुळ्यात राहते. माझी चंदी गावठी कुत्री आहे, अठरा किलोची, कान कायम उभे. तिला घेऊन डोंगरात फिरताना जे शिकले ते इथं सांगते.

आधी जागा निवडा. आपल्याकडे पाटणादेवी, केदारकुंड, पितळखोरे ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात, पण हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. पालच्या बाजूचं जंगल म्हणजे यावल अभयारण्य आणि शिरपूरकडे अनेर. या तिन्ही ठिकाणी कुत्रं न्यायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायला माणसालाच परवानगी लागते. पण मला कायद्यापेक्षा दुसरं कारण मोठं वाटतं. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले आणि त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपल्या कुत्र्यांना होतो तोच हा आजार. लस घेतलेलं कुत्रंही अंगावर गोचीड आणि पायाला काहीबाही घेऊन हिंडतं. शिवाय ते जिथं मुततं तिथं त्याचा वास मागे राहतो, आणि भेकर, ससे, तितर ती जागा टाळतात. तुम्हाला पाटणादेवीला जायचंच असेल तर कुत्र्याला घरी कुणाकडे तरी ठेवा. गेटबाहेर गाडीत बांधून ठेवू नका, काच खाली केली तरी नाही.

मग उरतं ते काय? पुष्कळ उरतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सोनगीर सांगते. धुळ्याहून जवळ, चढ थोडा, वर मोकळं. कुत्रं उंचावर कसं वागतं, कड्याजवळ जातं का, बकऱ्या दिसल्या की काय करतं, हे तिथं कळतं. ते जमलं की लळिंग. फारुकींच्या काळातला हा किल्ला महामार्गाला लागूनच आहे, पण चढ खडा आहे आणि निसरड्या मुरमावरून उतरताना कुत्रं पुढे खेचतं. पट्टा कमरेला बांधून उतरू नका, हातात धरा, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो. वर पाण्याची टाकी आहेत. त्यातलं हिरवं पाणी पाजू नका, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ३१ जुलैला मात्र त्या बाजूला फिरकू नका. १९३७ साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात मुक्कामी होते आणि त्या आठवणीला दरवर्षी मोठ्या संख्येनं लोक येतात. एवढ्या गर्दीत कुत्रं बावरतं, आणि ती गर्दी काही आपल्या कुत्र्यासाठी जमलेली नसते.

तोरणमाळ थंड आहे, यशवंत तलावाच्या काठानं सकाळी फिरणं कुत्र्याला मानवतं. पण सीताखाईच्या बाजूला पट्टा एका हाताचा ठेवा, तिथं कडा एकदम तुटतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत जाऊ नका. कुठल्याही वनक्षेत्रात जायच्या आधी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यासारख्या गावांनी तर आपलं जंगल स्वतः राखून वाढवलंय. तिथं आधी गावाला विचारायचं, मग पाऊल टाकायचं.

आता ऊन. खानदेशात डोंगरात जायचं तर सगळ्यात जास्त विचार याचाच करावा लागतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे आपल्याला सवयीचं झालंय, पण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पायाच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. हवाच तापलेली असली की धापेचा उपयोग होत नाही. म्हणून माझा नियम असा: फेब्रुवारी संपला की पाऊस पडेपर्यंत डोंगर बंद. डिसेंबर आणि जानेवारी सगळ्यात चांगले. तेव्हाही उजाडल्यावर निघायचं आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं. काळ्या खडकावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला हात ठेववत नसेल तर त्याचे तळवे तिथं पोळणार.

पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर त्याला चढावर नेऊच नका, त्याला धाप पुरत नाही. हस्कीची तर आपल्याकडच्या उन्हात घरीच काळजी घ्यावी लागते. पिल्लू वर्षाचं होईपर्यंत आणि मोठ्या जातीचं दीड वर्षाचं होईपर्यंत लांब चढ नको, हाडांची वाढ पुरी झालेली नसते.

चालताना दर थोड्या वेळानं जिभेकडे बघा. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, टोकाशी पसरली, की थांबा आणि सावली गाठा. लाळ चिकट झाली, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या, कुत्रं लडखडलं किंवा ओकलं, तर तो उष्माघात आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या पुढे गेलं की जिवाला धोका. साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर ओता आणि टोपीनं वारा घाला. बर्फाचं पाणी नको. ओला टॉवेल अंगावर तसाच टाकून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आत कोंडते. जवळ थर्मामीटर असेल तर १०३ ला पाणी ओतणं थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा थंड पडतं. आणि बरं वाटायला लागलं तरी डॉक्टरकडे न्या. किडनी आणि रक्तावरचा परिणाम काही तासांनी दिसतो.

पाणी घरून न्या. चंदीला सकाळच्या फेरीला मी दोन लिटर वेगळं घेते आणि घडी होणारी रबरी वाटी. एकदम पाजू नका, थोडं थोडं, वारंवार. खाणं निघायच्या तीन तास आधी, तेही निम्मं. वर चढल्यावर केळ्याचे दोन तुकडे किंवा कोरड्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा पुरतो. तुमच्या डब्यातलं भरीत मात्र देऊ नका. त्यात कांद्याची पात आणि लसूण असतो, आणि दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. द्राक्षं आणि मनुकेही नकोत.

पट्टा कधीही सोडायचा नाही. मोकळं कुत्रं धावताना बघायला मलाही आवडतं, त्यासाठी शेताचा बांध आहे. डोंगरात वानरांचा कळप दिसला की कुत्रं कड्याचा विचार करत नाही. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीभोवतीचा हार्नेस घ्या, वर मूठ असलेला. खडकावरून उचलून उतरवायला ती मूठ लागते. दोरी दोन मीटरची, साधी. बटण दाबून लांबणारी नको.

साक्रीकडे ठेलारी मेंढपाळ मेंढ्या घेऊन भेटतात. त्यांची कुत्री राखणीची असतात आणि आपल्या कुत्र्याला परकंच समजतात. लांबूनच थांबा, वाट सोडून वरच्या अंगाला उभे राहा, कळप जाऊ द्या. एकदा एका आजोबांनी मला हाक मारून सांगितलं होतं, “ताई, कुत्रीले धरी ठेव, मेंढ्या बिचकतीन.” गाभण मेंढी घाबरून पळाली तर नुकसान त्या माणसाचं होतं. पाड्यातून जातानाही तसंच, अंगणात कोंबड्या असतात. मार्चमध्ये लोक पहाटेच महू, म्हणजे मोहाची फुलं, वेचायला बसलेले असतात, अस्वलंही त्याच झाडांखाली येतात. त्या दिवसांत डोंगर बंद ठेवायचं हेही एक कारण.

बिबट्या सगळीकडे आहे. २०१७ मध्ये चाळीसगाव भागात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा सगळा जिल्हा हादरला होता, पण कुत्रं हे तर त्याचं नेहमीचंच भक्ष्य. म्हणून अंधारात चढणं नाही, कुत्र्याला घेऊन डोंगरात मुक्काम नाही. ऐन चालताना कुत्रं एकदम थिजलं, शेपूट घातली आणि पुढे यायला तयार झालं नाही, तर ओढू नका. मागे फिरा. कड्याला आग्या मोहोळ लोंबत असेल तरी मागे फिरा, भुंकण्याचा भरवसा नाही.

साप चावलाच तर घोणस किंवा फुरसं असण्याची शक्यता धरा. दोन्ही आपल्या दगडधोंड्यांत असतात. आवळपट्टी बांधू नका, चिरू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून खाली आणा. माणसांना देतात तीच प्रतिविषाची लस कुत्र्यांनाही देतात, पण ती सगळ्या दवाखान्यांत नसते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, रविवारी कुठला डॉक्टर असेल आणि लस ठेवतो का. चंदीला कोण उचलणार हेही मी आधी ठरवते. अठरा किलो एकटीनं लळिंगवरून उतरवता येत नाहीत, म्हणून सोबत माणूस हवाच.

पावसाळा संपल्यावर डोंगर हिरवे दिसतात आणि मन धावतं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुसळी गवत पिकतं. त्याचं कुसळ बोटांच्या फटीत, कानात, डोळ्याच्या पापणीखाली शिरतं आणि आत आत सरकत जातं. आज दिसलं नाही तर आठवड्यानं पू होतो. कुत्रं एकच पाय सारखं चाटत असेल किंवा एकाच बाजूला मान झटकत असेल तर तेच. खाजकुइलीच्या शेंगा वाळतात त्या झुडपांपासूनही लांब ठेवा. सराटे तळव्यात रुततात, म्हणून एक छोटा चिमटा खिशात असू द्या.

घरी आल्यावर अंघोळ नंतर, आधी तपासणी. बोटांच्या फटी, कानाच्या आत, काखा, शेपटीखाली, पट्ट्याच्या खाली. गोचीड दिसलं तर रॉकेल, तेल किंवा मीठ लावू नका. चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, पिवळसर हिरड्या, गडद लघवी किंवा जेवण सोडणं दिसलं तर डॉक्टरांना गोचीड होतं हे आवर्जून सांगा, ते रक्त तपासतील. रेबीज, डिस्टेंपर-पार्वो आणि लेप्टोच्या लसी वेळेवर झाल्या नसतील तर डोंगराचा बेत पुढे ढकला. दुसऱ्या दिवशी फक्त गल्लीतली फेरी. आणि पायऱ्या चढताना कुत्रं मागचा पाय उचलून धरतंय का, तेवढं बघा.