हिमदंशाची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेल्यास अपील कसे करावे

नकाराचे पत्र आल्यापासून पहिल्या अपिलासाठी सहा महिने मिळतात. लगेच सैनिकांच्या सेवानोंदी सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे मेडिकल बोर्डाच्या (अपंगत्व तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या) संपूर्ण कार्यवाहीची प्रत मागावी. टाळाटाळ झाल्यास १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा.

ती प्रत हाती पडल्यानंतरच्या टप्प्यावर मी स्वतः आपटलो. माझ्या पहिल्या अपिलात सियाचिनची थंडी होती, चौकीवरचे हाल होते, पदकांची यादीही होती. मात्र बोर्डाने नकाराचे जे कारण नोंदवले होते, त्याला एका ओळीचेही उत्तर नव्हते. ते फेटाळले गेले, यात नवल नाही. विकार प्रथम कधी व कोठे उद्भवला आणि तो सेवेमुळे झाला की सेवेत बळावला, या दोन नोंदी अपिलाचा कणा आहेत. त्यामुळे इंज्युरी रिपोर्ट, लेहच्या रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद आणि त्या काळातील पोस्टिंगची नोंद यांच्या तारखा एकमेकींशी ताडून पाहाव्यात. एक तारीख जरी विसंगत असली, तरी तिचा खुलासा आपणच आधी करावा. बोटे आजही बधिर राहत असतील, तर तज्ज्ञाचा ताजा अहवाल जोडावा.

हिमदंशाऐवजी त्वचाविकार असेल, तर प्रकरण अधिक चिवट असते, कारण एक्झिमा किंवा सोरायसिस ‘प्रकृतिगत’, म्हणजे सेवेमुळे नव्हे तर मूळ शरीरप्रकृतीमुळे झालेला, ठरवून बोर्ड मोकळे होते. धरमवीर सिंग या सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे उद्भवला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. म्हणून बोर्डाने आपल्या मताची कारणे खरोखर लिहिली आहेत का, हे तपासावे. नुसता शिक्का हे कारण नव्हे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून या पेन्शनचे नवे नियम लागू आहेत, तेव्हा त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी कोणाच्या तरी अपिलाचा जुना मसुदा उतरवून काढू नये.

बोर्डाने ठरवलेल्या अपंगत्वाच्या टक्केवारीकडेही लक्ष द्यावे. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला २० टक्क्यांखाली पेन्शन मिळत नाही. २० टक्के मान्य झाले, तर पूर्णांकनाने (टक्केवारी वरच्या ठरावीक टप्प्यावर नेण्याच्या पद्धतीने) ते ५० धरले जातात.

पहिले अपील फेटाळल्यास सहा महिन्यांत दुसरे करावे. ‘थेट कोर्टात चला’ म्हणणाऱ्या दलालाचे ऐकू नये, कारण खात्यातील अपिले केल्याशिवाय सशस्त्र दल न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल करून घेत नाही. अंतिम आदेशानंतर मुंबई खंडपीठाकडे जाण्यास सहा महिने असतात. अपिलावर सहा महिने उत्तरच आले नाही, तरीही तो मार्ग खुला होतो. त्यासाठी अपिलाची पोहोच जपून ठेवावी.